उतू गेलेलं दूध

कारखाना ठाण्याला आणि बिऱ्हाड डोंबिवलीला, हे कसं काय, असं विचारता ना? ऐका तर.

विलायतेहून इंजिनीअर होऊन परतलो तेव्हा माझा निश्चय पक्का होता. देश नवा घडवायचा, तर कामगारांच्या शेजारीच राहायचं. कारखान्याजवळच्या चाळीतल्या खोलीची किल्ली माझ्या खिशात होती. तरी सुमतीच्या, म्हणजे बायकोच्या, आग्रहाखातर डोंबिवलीतलं एक रिकामं घर पाहायला गेलो. तिथे आमची तीन वर्षांची चिमुरडी भुकेनं रडायला लागली. घरमालकीण काकूंनी दूध आणून दिलं, आणि त्या रिकाम्या स्वयंपाकघरातली चूल पेटवून सुमती ते तापवायला बसली.

मी काकूंना समजावत होतो, "घर छान आहे हो, पण माझं तत्त्व असं, की..."

तेवढ्यात चुलीत चर्र आवाज झाला. दूध उतू गेलं होतं.

काकूंनी हात जोडले. "नव्या घरात दूध उतू घालतात, ते तुम्ही घातलंत. आता तत्त्व कसलं? सामान कधी आणताय?"

रस्त्यावर आल्यावर मी चिडलो. "अगं, समोरच बसली होतीस ना? भांडं उतरवता आलं नाही?"

"आलं असतं की," सुमती म्हणाली. "तुम्ही विलायतेत होता तेवढी वर्षं दादाकडे राहून वहिनीच्या चुलीवरचं दूध राखलं. कधी थेंब सांडू दिला नाही. एकदा तरी आपल्या चुलीवर उतू जावं, असं फार वाटायचं हो."

चाळीची किल्ली मी त्याच संध्याकाळी परत केली.