उकिडवं बसून दाखवा

आई गेल्याचा फोन धानोऱ्याहून आला, तेव्हा मी इस्त्रीचे कपडे आणायला निघालो होतो. तुम्ही आत्ता गुडघ्याच्या इंजेक्शनांचं काढलंत, म्हणून तिचा किस्सा सांगतो.

महिनाभर आधीच मी तिला चंद्रपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मोठं ऑपरेशन नको असेल तर सूज उतरवणारं इंजेक्शन, वंगणासारख्या जेलचं इंजेक्शन, नाहीतर दुर्बिणीनं गुडघा आतून धुणं, असे उपाय त्यांनी समजावले. आई बाहेर येऊन बाकावरच्या पेशंटांनाच विचारू लागली.

"भाऊ, तुमी कोन्तं केलं?"

"दुर्बिणीचं. आता दुखत नाई."

"मंग उकिडवं बसून दाखवा."

"काऊन, बाई?"

"मले झाडाखाली मोहफुलं वेचाची आहेत. बाकावर बसून कोनाचंच दुखत नाई."

ते बसले खरे, पण बसूनच राहिले. "बाई, आता उठवा तरी," म्हणाले. सुजेचं इंजेक्शन घेतलेल्या बाई अर्ध्यातच भिंतीला टेकल्या. जेलवाले गुरुजी मात्र बसले आणि हळूहळू आपले आपण उठले.

हसणं ऐकून डॉक्टर बाहेर आले. "प्रत्येकाचा गुडघा वेगळा असतो, बाई."

"तरी मले गुरुजीचंच द्या."

"देतो. पण मग काही दिवस आराम."

"आता मोह पडून राह्यला, साहेब. हंगाम झाला की येईन."

मग पाटावर बसून, तो पाट सरकवत, तिनं रोज मोह वेचला. इंजेक्शन राहूनच गेलं.