मामाच्या जागी कुंडी

आई : तुम्हीच सांगा वॉचमनभाऊ, अशाला काय म्हणायचं? दोन महिने रोज सकाळी डबा करून देते ह्याला. आणि रोज एकच पालुपद. "आई, भिंत पुरी होऊ दे, मग बघायला ये. आधी नको." आधी का नको, ते आज कळलं मला.

वॉचमन : मावशी, जरा हळू. तो वर आहे परांचीवर. ऐकू जातंय त्याला.

आई : ऐकू जावं म्हणूनच बोलतेय. पण त्याच्याशी नाही, तुमच्याशी. त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे.

वॉचमन : कधीपासून?

आई : आत्ता फाटकातून आत आले, तेव्हापासून.

वॉचमन : अहो, पण भिंत तर झकास झालीय. क्लबचा अख्खा इतिहास उतरवलाय तुमच्या मुलाने. येणारे-जाणारे थांबून फोटो काढतात. ती पहिली टीम, तो मोडका गोलपोस्ट, गोलकीपरची ती उडी...

आई : उडी कसली? माळ्यावरचा डबा काढतोय असा दिसतो मेला. ते जाऊ द्या, फुटबॉलातलं मला काय कळतं? तुम्ही तो मधला भाग बघा. कप जिंकलेली टीम. मागच्या रांगेत, अगदी उजव्या टोकाला काय आहे?

वॉचमन : उजव्या टोकाला... कुंडी आहे.

आई : कुंडी! आता भर मैदानात कुंडी कुणी आणून ठेवली?

वॉचमन : मला वाटलं, सजावटीला असेल.

आई : तिथं माझा नवरा उभा होता.

वॉचमन : काय सांगता! म्हणजे तुमचे मालक टीममध्ये खेळायचे?

आई : खेळतात कसले! मालीश करायचे टीमचं. पोरांच्या पोटऱ्या चोळायचे. मैदानात कुणी आडवा झाला की बादली आणि स्पंज घेऊन धावत सुटायचे. सगळे मामा म्हणायचे त्यांना. आमच्या घरात उशीच्या अभ्र्यालासुद्धा मलमाचा वास यायचा. हा वर चढून बसलेला चित्रकार त्याच वासात वाढलाय.

वॉचमन : मग खऱ्या फोटोत होते ते?

आई : होते म्हणजे? घरी आरशाशेजारी लावलाय तो फोटो. त्या दिवशी फोटोवाला म्हणाला, बादलीवाल्याला जरा बाजूला करा. तर कॅप्टन काय म्हणाला ठाऊक आहे? "हाफटाइमला माझ्या पायात गोळा आला होता, तो ह्या माणसाने सोडवला. हा बाजूला होणार असेल तर मीही होतो." आणि हाताला धरून ओढलं ह्यांना रांगेत. बादली खाली ठेवायची सवडसुद्धा दिली नाही. म्हणून फोटोत हातात बादली आहे. हाच फोटो समोर धरून ह्या दिवट्याने पाटीवर पहिली माणसं काढली. आणि आज त्यातलाच एक माणूस जास्त झाला ह्याला! विचारा त्याला, कुंडीत झाड कसलं लावलंय?

वॉचमन : अहो पेंटर! तुमच्या आई विचारतायत...

पेंटर : ऐकलं. काका, तिला सांगा उन्हात उभी राहू नको. चक्कर येते तिला.

आई : त्याला सांगा, माझ्या सावलीची काळजी नको. कुंडीतलं झाड मोठं झालं की बसेन त्याच्या खाली.

पेंटर : तिला सांगा, मी माझ्या मनाने नाही केलं. सेक्रेटरीसाहेब आले होते बघायला. म्हणाले, हा बादलीवाला कोण? झाडलोट करणारा चुकून फोटोत घुसल्यासारखा दिसतो. भिंतीवर फक्त खेळाडू हवेत.

आई : मग हा काय म्हणाला?

वॉचमन : मग तुम्ही काय म्हणालात, पेंटर?

पेंटर : काका, तुमची ड्यूटी फाटकावर आहे ना?

आई : तोंड चुकवू नको म्हणावं. काय म्हणालास?

पेंटर : म्हणालो, ठीक आहे साहेब.

आई : ठीक आहे साहेब! ऐकलंत? "हा माझा बाप आहे" एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. घरात मीठ कमी पडलं तर ह्याला चाळीस शब्द सुचतात. आणि फक्त खेळाडू ना? मग त्या दुसऱ्या टोकाला कोटातला कोण आहे? दाराएवढा काढलाय! त्याच्या बुटात आमचा गोलकीपर मावेल.

वॉचमन : ते... सेक्रेटरीसाहेबांचे सासरे. जुने अध्यक्ष.

आई : कुठल्या जागेवर खेळायचे?

वॉचमन : खुर्चीवर. नाही, म्हणजे... मावशी, असं तोंडातून काढून घेऊ नका हो. मला इथे नोकरी करायचीय.

पेंटर : आणि मला नाही करायची? तिला सांगा काका, वीस वर्षं दुकानांची शटरं रंगवली मी. चपला, सिमेंट, दातांचे डॉक्टर. कुठल्या शटरवर कुणी मला नाव टाकू दिलं? ही पहिली भिंत आहे जिच्याखाली माझी सही आहे. आतला अख्खा हॉल मला द्यायचं चाललंय. पाच वाजता उद्घाटन आहे. आज तरी तमाशा करू नको म्हणावं.

आई : तमाशा मी करतेय? बापाला पुसून त्यावर कुंडी ठेवली ह्याने, आणि तमाशा माझा?

पेंटर : पुसलं नाही! पुसलेलं नाहीये, आई!

आई : वॉचमनभाऊ, काय म्हणतोय तो?

पेंटर : काका, तुम्ही जरा पलीकडे जाता का?

वॉचमन : तुम्ही बोला. मला ह्या कानाने तसंही कमीच ऐकू येतं.

पेंटर : ती कुंडी कच्च्या रंगाची आहे. नुसता डिस्टेंपर. तिच्या खाली बाबा आहेत, पक्क्या ऑइलपेंटमध्ये, पूर्ण काढलेले. त्यांच्यावर वॉर्निश देऊन मग कुंडी काढलीय. चार पाऊस झाले की कुंडी आपोआप धुऊन जाईल. कुणी विचारलं तर म्हणेन, रंग उडाला. तोवर हॉलचं काम हातात आलेलं असेल.

वॉचमन : अरे वा! डोकं आहे हो पेंटरला!

आई : त्याला विचारा... बादली काढलीय?

पेंटर : कडीसकट.

आई : कुठल्या हातात?

पेंटर : डाव्या. उजवा कॅप्टनने धरलाय.

आई : आणि अंगठा?

पेंटर : वाकडाच काढलाय. चोळून चोळून झाला होता तसा.

आई : शर्टाचं वरचं बटण नव्हतं त्या दिवशी. माझं लावायचं राहिलं होतं.

पेंटर : नाही लावलं मीही.

वॉचमन : बघा मावशी! म्हणजे पोराने बापाला टाकलेलं नाही. उगाच तुम्ही एवढं रक्त आटवलंत. थांबा, केबिनमधून खुर्ची आणतो. बसा, पाणी घ्या. मिटलं ना?

आई : मिटलं? कसलं मिटलं? आता तर माझं डोकं खरं फिरलंय! आधी वाटलं होतं, घाबरट आहे. आता कळलं, हुशार आहे. वॉचमनभाऊ, तुमच्या ह्या क्लबला मागे एक बारकं दार आहे ना, कपडे धुवायला न्यायच्या बाजूला?

वॉचमन : आहे की. अजून आहे.

आई : जन्मभर त्या दाराने आत गेले हे. खेळाडू पुढच्या फाटकातून, टाळ्या घेत. हे मागून, मळक्या मोज्यांच्या गाठोड्यांबरोबर. कधी तक्रार केली नाही. मीच करायचे, तर म्हणायचे, अगं, दार कुठलंही असो, पाय तेच चोळायचेत. एकदाच, फक्त एकदाच, त्या फोटोच्या दिवशी कॅप्टनने पुढून नेलं त्यांना. सगळ्यांच्या देखत. त्या रात्री जेवले नाहीत हो ते. ताट समोर, आणि नुसते हसत बसले होते.

वॉचमन : मावशी...

आई : आणि हा पोटचा पोरगा काय करणार? पाहुणे गेल्यावर, खुर्च्या उचलल्यावर, कुणी बघत नसताना, पाऊस पडेल तेव्हा पडेल, मग बापाला भिंतीवर घेणार. लपून. पुन्हा मागच्याच दाराने!

(परांचीच्या शिडीवर पावलं वाजतात. पेंटर खाली उतरतो.)

पेंटर : आई, बास. काकांना मधे घालू नको. सरळ माझ्याशी बोल.

आई : वॉचमनभाऊ, ह्याला सांगा...

पेंटर : आई. मी कुंडी धुतली, तर हॉल गेला. उद्यापासून परत शटर. कळतंय ना तुला?

आई : वॉचमनभाऊ, तुम्ही बसा त्या खुर्चीवर. तुमचं काम झालं. आणि तू इकडे बघ, चपलांकडे नको, माझ्याकडे. तुझी सही बघितली मी, खाली कोपऱ्यात. मला वाचायला वेळ लागतो, पण अक्षराला अक्षर लावून वाचली. आधी तुझं नाव. मग त्यांचं. मग आडनाव. सेक्रेटरीला त्यांचं नाव चाललं, आणि तुलाही चाललं. त्यांचं तोंड तेवढं कुणाला चाललं नाही. शटर रंगवून रंगवूनच हे घर चाललंय, त्याची लाज मला कधी वाटली नाही. आज वाटली. डबा उद्याही मिळेल तुला, पोटाशी माझं भांडण नाही. पाचाला अजून वेळ आहे, आणि ही तुझी ब्रश धुवायची बादली पाण्याने भरलेली आहे. वर जायचं तर जा, आणि ती कुंडी धू. नसेल जमत तर इथेच खाली बस, मधलं नाव पूस, आणि दोनच शब्दांची सही ठेव. मी काही बोलणार नाही.