चौथी ब चा ड्रम

नाही, मला एक सांगा, बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, गल्लीत पोटरीएवढं पाणी साचलंय, आणि अशात एक माणूस अंगात रेनकोट चढवून, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन शाळेत पाणी पोचवायला निघालाय... अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल? मी नवरा म्हणते, माझा इलाज नाही! आणि हे सगळं कशासाठी? तर पाणी वाचवायला!

आता तुम्ही म्हणाल, असेल बिचारा जरा वेंधळा. अहो, कुठला वेंधळा! आमच्या बिल्डिंगचा टँकर हा सलिलच सांभाळतो. ठाण्यापुढे आमच्या दिवा गावात पाणी कधी येणार हे नळालासुद्धा माहीत नसतं, त्यामुळे टँकरवाल्याच्या मागे लागणं, पाइप टाकीत सोडणं, कुणी गॅलरी धुताना दिसलं की खालून हाक मारणं, ही सगळी कामं याने हौसेने अंगावर घेतलीत. वरच्या मजल्यावरच्या गंगुबाई तर जिन्यात याची चप्पल वाजली की हातातला मग पाठीमागे लपवतात. घरात मी तांदूळ धुतले की ते पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतली की ते फरशीला. आणि हे आजचं नाही हं! हॉलवर बेसिनचा नळ गळत होता म्हणून हा माणूस भरल्या पंगतीतून उठून तो बंद करून आला होता. पंगत कुणाच्या लग्नाची? याच्या स्वतःच्या! मी घास हातात धरून बसलेली, आणि फोटोग्राफर विचारतोय, नवरदेव कुठे गेले?

तर अशा बापाची ही लेक, आमची समृद्धी, चौथी ब. जूनमध्ये शाळा उघडली आणि रोवेना मिसनी, म्हणजे मुख्याध्यापिका त्यांच्या, ठाण्याहून येतात, आवाज असा की प्रार्थनेला माइक लागत नाही... तर त्यांनी जाहीर केलं की सुट्टीत शाळेच्या गच्चीवरून पाइप खाली आणलेत, मैदानाच्या कडेला जमिनीत टाकी बांधलीय, गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून तिच्यात साठणार आणि झाडांना, संडासांना वापरणार. छान! टाळ्या! बरं, तिथेच थांबावं ना? नाही. मुलांना सवय लागायला हवी. म्हणून प्रत्येक वर्गाबाहेर एकेक निळा ड्रम ठेवला. शेवटच्या तासाला बाटलीत उरलेलं पाणी त्यात ओतायचं, त्यातून व्हरांड्यातल्या कुंड्यांना घालायचं, आणि ज्या वर्गाचं पाणी जास्त भरेल, त्या वर्गाच्या जलदूताने टाकी भरल्यावर तिचा नळ पहिल्यांदा उघडायचा.

आणि चौथी ब चा जलदूत कोण? आमचं रत्न! फ्रॉकवर हा एवढा बिल्ला! त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात तो नळ बसला तो बसलाच. स्वयंपाकघरातला नळ, पाणी गेलेलं असताना, उघडून दाखवायची मला. "मम्मी, एका हाताने बरं दिसेल की दोन्ही हातांनी?" मी म्हटलं, बाई गं, दोन्ही हातांनी उघड, पण आत्ता मला भाकऱ्या करू दे.

आणि मग काय झालं, तुम्हाला सांगते, ही मुलगी कोमेजायला लागली. शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी. डोकं दुखतंय, ओठ सुकलेत, चेहरा एवढासा. सासूबाई फोनवरून म्हणाल्या, दृष्ट काढ. मी काढली. सलिल म्हणाला, व्हिटॅमिन कमी असेल. शेवटी नेलं डॉक्टरकडे. त्यांनी जीभ बघितली आणि सहज विचारलं, पाणी पितेस ना बाळा? तर आमचं बाळ ताठ बसून, बिल्ला पुढे करून सांगतं, "शाळेत नाही पीत. शाळेत मी उरवते."

उरवते! सकाळी भरून नेलेली बाटली जशीच्या तशी ड्रमात! आणि हे सगळं कशासाठी? तर पाणी वाचवायला!

डॉक्टर आमच्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं, आता आम्हालाच इंजेक्शन देतात. थेंब थेंब म्हणून जिला लहानाची मोठी केली ती तहानलेली फिरतेय, हे सलिलला फार लागलं. घरी आल्यावर जवळ घेऊन समजावलं तिला, बेटा, उरलेलं म्हणजे पिऊन उरलेलं. ती म्हणाली, मग चौथी अ जिंकेल, त्यांची जलदूत दिशा नळ उघडेल. आणि लागली रडायला.

आता सरळ शाळेत जाऊन मिसना सांगायचं की नाही? तीच शहाण्या माणसाची वाट! पण यांना लाज वाटली. टँकर सांभाळणारा माणूस, पोरीच्या घशाला कोरड, लोक काय म्हणतील... मग याने काय केलं? दुसरी बाटली दिली! एक प्यायची, एक ड्रमात ओतायची. मी म्हटलं, अरे सलिल, घरून मुद्दाम भरून दिलेलं पाणी उरलेलं कसं होईल? तर म्हणे, "तू यात पडू नकोस."

मी नाही पडले. पण दिशाने ती दुसरी बाटली पाहिली. दिशाचे पप्पा धनेशभाऊ, इथलेच गाववाले, स्वतःचा बंगला, मागच्या दारी विहीर. दुसऱ्या दिवशी धनेशभाऊ स्कूटरवर पुढे एक कॅन, मागे एक कॅन, मध्ये दिशा! वर गेटवर उभं राहून बाकीच्यांना मोठ्या मनाने सांगतायत, "पानी कवरं पायजे तवरं न्या, आपली बाव हाय." झालं! दोन्ही वर्गांचे आईबाप पेटले. कुणी मोठी बाटली, कुणी कळशी, कुणी ऑफिसातला जार खांद्यावर. दप्तर राहिलं तर राहू दे, पाणी राहता कामा नये! सकाळी शाळेच्या गेटवर कॅनवाल्यांची रांग, वॉचमन त्यांना वर्गवार उभं करतोय. तेवढ्यात पाऊस लागला. म्हटलं, सुटलो. कसलं काय! वरून पाऊस, खालून आमचे हे! गच्चीवरचं पाणी पाइपाने टाकीत पडतंय धबाधबा, आणि त्याच पाइपाखालून माणसं टँकरचं विकतचं पाणी आत नेतायत. आमच्या बिल्डिंगची टाकी दुपारीच तळाला. गंगुबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भावना, हल्ली सलिलराव मला काहीच बोलत नाहीत, बरे आहेत ना?" काय सांगू त्यांना? आणि हे सगळं कशासाठी? तर पाणी वाचवायला!

मग रोवेना मिसनी पालकांना बोलावलं. सगळ्यांना वाटलं, सत्कार. धनेशभाऊ पांढऱ्याशुभ्र शर्टात, गळ्यात चेन. सलिलने आरशासमोर दोन शब्द बोलायची प्रॅक्टिस केलेली. मिसनी टेबलावर एक कुंडी ठेवली. मोगरा होता तो, कुंडीत नुसता चिखल आणि पार कुजलेली मुळं. म्हणाल्या, माझी सगळी झाडं बुडवलीत तुम्ही, व्हरांड्यात शेवाळ आणलंत. मुलांकडचं उरलेलं पाणी मागितलं होतं मी. ही दुसरी बाटली पहिल्यांदा कुणी आणली?

सगळा हॉल आमच्याकडे वळून बघायला लागला. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. सलिल उठला. प्रॅक्टिस केलेले दोन शब्द कुठच्या कुठे गेले.

"मिस, माझी मुलगी शाळेत पाणी पीतच नव्हती. तुमच्या ड्रमसाठी उरवत होती. तिने निदान एक बाटली प्यावी, म्हणून मी दुसरी दिली."

मग मागून एक आई हळूच म्हणाली, आमचापण नाही पीत. मग दुसरी. मग तिसरी. शेवटी धनेशभाऊ, एवढा मोठा माणूस, चेनशी चाळा करत म्हणाले, "दिशा घरी आली का तांब्याच तोंडाला लावते. मना वाटलं खेलून दमते."

मिस खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, चुकलं माझं. प्रार्थनेला माइक न लागणारी बाई, आणि मागच्या बाकावर ते ऐकूसुद्धा गेलं नाही. मला एकदम त्यांची माया आली. त्याच दुपारी ड्रम हलले.

ड्रम गेले म्हणजे स्पर्धा गेली, आणि स्पर्धा गेली म्हणजे नळ गेला! समृद्धीने बिल्ला काढून सलिलच्या ताटाशेजारी ठेवला आणि बोलणंच टाकलं त्याच्याशी. हा जेवायला बसला की ती ताट घेऊन आत. हा आत गेला की ती बाहेर. हा ताट सारून मला म्हणतो, "मी नळ घालवला गं तिचा." ऑफिसला जाणारा दाढीवाला माणूस, डोळ्यांत पाणी! मी म्हटलं, पूस ते आधी.

टाकी भरली तशी मिसनी शनिवारी सगळ्यांना बोलावलं. म्हणाल्या, नळ सगळ्यांनीच उघडायचा, एकेकाने, रांगेने. अट एकच. बाटली रिकामी हवी, आणि ती पोटात रिकामी केलेली हवी. बेसिनपाशी दोन बाई पहाऱ्याला उभ्या केल्या हो! मुलांची रांग लागली. आमची होती पुढेच, पण सवयीने बाटली अर्धी भरलेली. तिने बाटलीकडे बघितलं, नळाकडे बघितलं, आणि मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बापाकडे बघितलं. सलिलने नुसता अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला, पी. शाळेच्या आवारात, चारचौघांत, ती खूण! पण पोरीने बाटली तोंडाला लावली. गटागट प्यायली, ठसका लागला, नाकातून पाणी आलं, डोळे लाल, तरी थांबली नाही. बाटली उलटी करून मिसना दाखवली आणि दोन्ही हातांनी नळ उघडला. पाणी वाहत होतं आणि सलिल नुसता बघत होता. बंद कर, म्हणाला नाही. टाळ्या थांबल्या तरी हा एकटा वाजवतोय. धनेशभाऊंनी शेवटी आपला रुमाल दिला त्याला.

तर आता सगळं छान चाललंय, देवाच्या दयेने. पोरगी पाणी पिते. शाळेतली बाटली रिकामी आणते, घरी येऊन तांब्याभर वर पिते, गाल भरलेत. पण प्यायलेलं पाणी कुठेतरी जाणार की नाही? दर थोड्या वेळाने उठते, आत जाते, आणि घळाळ्ळ! फ्लशची अख्खी टाकी. परत येते, पाणी पिते, परत जाते, घळाळ्ळ! टँकर संध्याकाळी येणार, वरची टाकी खडखडीत होत आलेली, आणि मी सलिलकडे बघते, म्हटलं आता तरी बोलेल हा माणूस काहीतरी. बोलतो ना! तो घळाळ्ळ आवाज नीट, शेवटपर्यंत ऐकतो आणि तोंडभर हसून मला म्हणतो, "चांगली प्यायलेली दिसतेय." मी आपली रिकामी बादली उचलते आणि गंगुबाईंचं दार वाजवते.