एकोणिसाव्या पानावरची कडी

"हॅलो?… हो, मीच. चिगुसा. दुसरं कोण उचलणार इथे?"

आवाज ओरिएचा. पंचवीस वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्याखाली बसून हाच आवाज मासिकातल्या प्रेमकथा वाचून दाखवायचा. नायक जाड आवाजात, नायिका बारीक आवाजात. 'तू फक्त माझी आहेस,' असं जाड आवाजात म्हणून ओरिए थांबायची, आणि चिगुसाच्या हातातला पाव हातातच राहायचा. आता तो आवाज मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणाऱ्या नावाजलेल्या बाईंचा होता. चिगुसा त्या बाईंच्या चित्रांतल्या माणसांमागची दारं, खिडक्या, जिने काढत होती.

"झालीत गं पानं… अठरा वाळली, एकोणिसावं समोर आहे… फुल्या? हो, हो, जिथे जिथे तू फुली मारलीस तिथे सगळं काळं केलंय. तुझ्या नायकाचा, रेइजीचा कोट, रेइजीचे केस, रेइजीची गाडी. निम्मी शाईची बाटली तुझ्या रेइजीनंच प्यायली… हसतेस काय? बोटं माझी काळी झालीत."

"छापील गुलाब? चिकटवले. कापता कापता कागदी पाकळ्या उडाल्या, कोपराला चिकटून बसल्यात अजून… एक विचारू? रेइजी तुझ्या नायिकेचा, कोहारुचा फोन हिसकावून समुद्रात फेकतो, आणि मागे गुलाब फुलतात. नेमके तेव्हाच का गं?… टोमणा नाही. नुसतं विचारतेय… हो, वाचणाऱ्यांना आवडतं. ठाऊक आहे."

शेगडीवर किटली गुणगुणत होती. खिडकीबाहेर फेब्रुवारीचं कोवळं ऊन, दोरीवर एकटीचे कपडे. एक टॉवेल, एक परकर, मोज्यांचा एकच जोड.

"काय म्हणाले संपादक हिराबायाशीसान?… कडी? कुठली कडी?"

कुठली ते तिला ठाऊक होतं. संपादकांना पहाटेच पानाची प्रत गेली होती, आणि तेव्हापासून ती याच फोनची वाट बघत होती.

"हो… दाराला बाहेरून आहे. तशीच काढलीय मी… अगं ऐक ना… हो, कळलं. कोहारु त्या खोलीत आपल्या मर्जीनं राहते. कडी तीच लावते आतून, तीच काढते, आणि मग त्याच्या गळ्यात पडते. बाहेरून कडी दिसली तर वाचणाऱ्या पोरींना वाटेल, यानं हिला कोंडलंय. तसं वाटायला नको. प्रेम वाटायला हवं… बरोबर आहे त्यांचं."

"'नऊ वर्षं दारं काढणाऱ्या बाईनं कडी उलटी काढावी?' असं म्हणाले?… आणि तू काय म्हणालीस?… 'थकली असेल बिचारी.' वा गं वा. बिचारी."

"नाही, रागावले नाही… वाचणाऱ्या पोरींची व्हॅलेंटाइनची चॉकलेटं? पोचली. कागदावरच्या माणसाला तीन खोके भरून! खऱ्या बाईला त्यातलं एक कुणी देईल तर शपथ… खाल्ली ना मी. रेइजीला काय दात आहेत? म्हणजे, आहेत. मीच पांढरे ठेवलेत."

खोक्यात पत्रंही होती. एक तिनं बाजूला काढलं होतं, घडी घालून जपून ठेवलं होतं, आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होती.

"एक पत्र वाचून दाखवते. निइगाताची मुलगी, पंधरा वर्षांची. लिहिते… थांब, घाई नको करूस, बाराला माणूस येणार आहे पानं न्यायला, आत्ता कुठे दहा वाजलेत… लिहिते, 'मलाही असाच कुणी मिळू दे, जो मला दुसऱ्या कुणाशी बोलू देणार नाही.'… गोड? तुला गोड वाटतं?… पंधराव्या वर्षी सगळ्याच तशा? हो. जिन्याखाली आपणही तशाच होतो."

"हेवा? वाटतो ना. नाव तुझं, बक्षीस तुझं, खोके तुझे. पानाच्या कडेला माझं नाव मुंगीएवढं. मी कधी नाही म्हटलं?… 'हेवा तर मलाच वाटायचा,' म्हणजे काय? तू माझा हेवा करायचीस?… माझा?"

पलीकडून ओरिए भरभरून बोलू लागली. चिगुसाच्या हातातला ब्रश तसाच अधांतरी राहिला.

"परत म्हण… ताकेयोशी. माझा नवरा ताकेयोशी?… हो. मीच सांगितलं होतं तुला. दिवसातून अकरा फोन. हो… माझ्याशिवाय त्याला घास उतरत नाही. एकटीला भाजी आणायलाही सोडत नाही… हो गं, मीच. शब्द न् शब्द माझा… म्हणजे रेइजी तो आहे?… पहिल्या पानापासून?"

पंधरा वर्षांपूर्वीची दुपार. नवोदितांचं पहिलं बक्षीस ओरिएला मिळालं, दोघींनी पाठवलेल्या कथांतून एकीचीच कथा छापली गेली. वाम माशाच्या खानावळीत ओरिए समोर बसली होती, मांडीवर फुलांचा गुच्छ, गुच्छाला लाल फीत. ओरिएच्या हातात फुलं, चिगुसाच्या हातात काही नाही. म्हणून चिगुसानं नवरा पुढे केला. फुलासारखा, फीत बांधून. पुढे सहा वर्षांनी तिनं ते घर सोडलं. ओरिएनं का म्हणून विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'पटलं नाही.'

"नाही, ऐकतेय… हो, पांढरा रंग उघडाच आहे. एक ठिपका दिला की कडी गेली. मग आतल्या बाजूला नवी काढायची… पाच मिनिटांचं काम. हो."

तिनं ब्रश बुडवला. पांढरा थेंब टोकाला जमला, लोंबला, कडीच्या वर येऊन थांबला. मग तिनं तो बाटलीतच परत सोडला.

"नाही जमत, ओरिए… हात दुखत नाही… नव्या मुलीकडे देशील? दे ना. ती चटकन पुसेल. तिच्या हाताला काही ठाऊक नाही… नाही, अडून नाही बसले. कामावरून काढलंस तरी चालेल. पान असंच येतंय. पुसायचं तर तू तुझ्या हातानं पूस… का म्हणजे?… ओरडू नकोस. सांगते. मधे बोलू नकोस फक्त."

किटली उकळून शांत झाली होती. चिगुसानं बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं.

"कडी बाहेरून चुकून नाही काढली मी… त्या दिवशी खानावळीत मी खोटं बोलले. तुझी फुलं बघवली नाहीत मला. अकरा फोन यायचे, ते खरं. मी घरात आहे ना, ते बघायला… ऐक. आमच्या मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. एका रविवारी त्यानं ती काढली आणि बाहेरच्या बाजूला बसवली. स्क्रू हातात धरून मीच उभी होते, एकेक करून देत… रडू नकोस, मी नाही रडत… तुझ्या नावाचा हेवा कधीच जिरला गं. हेवा वाटतो तो कोहारुचा. तिला दार आतून उघडता येतं… ठेवते."