फाटकापाशी ताट घेऊन

— भांडण कसलं, पहिल्यांदा खटकली ती नुसती एक ताटली. निळ्या कडेची, माझ्या धर्मआईची. धुऊन, पुसून, लख्ख करून परत आली — आणि रिकामी. आता तू म्हणशील, धुऊन दिली यात काय बिघडलं — तुमच्याकडे तसंच असेल, तुम्ही परदेशी लोक, मला काय माहीत — पण इथं शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही. चार लिंबं टाक, एखादं अंडं टाक, काहीच नसेल तर परसातली कोथिंबीर टाक. हे ताट धरतेस जरा? टाळ्यांना हात मोकळे हवेत. … धर्मआई, अगं बाहेर बघ कोण आलंय … काही नाही. बेल नाही गं इथं कुणाकडे. फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, हाक मारायची, आतून उत्तर आलं की मगच पाऊल आत. हळू बोलू का मी? कळतंय ना? बरं.

तर ऑर्मिंदा माझी धर्मआई — बाप्तिस्म्याला मला हातावर घेतलं तिनं, आणि आई गेल्यावर वाढवलंही तिनंच. हा डेरिक, तुमच्यातलाच परदेशी, गावात आला, चर्चमागच्या खोलीत राहिला, तेव्हा सगळ्यात आधी तिनं मक्याचा केक पाठवला. ताटली आली रिकामी. मला वाटलं, माणूस उर्मट आहे. पण आमच्या गल्लीनं काय अर्थ काढला माहितेय? बिचाऱ्याकडे परत घालायला काहीच नाही. इतका गरीब. धर्मआईच्या तर डोळ्यांत पाणी — "एक लिंबूसुद्धा नाही गं पोराच्या घरात." म्हणून पुढच्या खेपेला मोठं ताट. तेही रिकामं आलं. मग आणखी मोठं. न्हाव्याची बायको लाझारा, ती चिक्कू बाई, कधी कुणाला मीठ दिलं नाही तिनं — ती डुकराचं मांस पाठवायला लागली. जितकी ताटं रिकामी यायची तितकी आमची दया वाढायची. आणि त्याला "बसा जेवायला" म्हटलं की हा बसतो. अगं, ते म्हणायचं असतं. पुढच्यानं "आत्ताच जेवून आलो" म्हणायचं असतं, पोटात कावळे ओरडत असले तरी —

आई गं. काय होतं ते? … आंबा होय. पत्र्यावर आंबा पडला. हसू नकोस, मी अशीच आहे. कॉलेजात मुली मुद्दाम माझ्यामागे पुस्तकं आपटायच्या.

तू ताटाकडे बघतेयस. बसमधून उतरून सरळ इकडेच आलीस ना — भूक लागली असेल. घे त्यातलं थोडं. … घेतलंस पण. नाही, नाही, खा, मीच म्हटलं ना. कोंबडी आणि भेंडी आहे, खाली मक्याची उकड आहे.

तूही त्याचा तो व्हिडिओ बघूनच आलीस, खरं ना? गावात इंग्रजी मला एकटीला येतं, म्हणून मला एकटीलाच ते ऐकावं लागलं. इथं राहायला खर्च असा नाहीच, म्हणतो. लोक खायला घालतात, त्यांना त्यात आनंद असतो, नाही म्हणू नका. मागे भिंतीवर धर्मआईच्या लग्नाचा फोटो, आणि पुढ्यात ती निळ्या कडेची ताटली — बोटानं निपटून कॅमेऱ्याला दाखवली त्यानं, मग दात कोरत बसला. मला ओकारी आली. म्हणजे खरोखरची, मोरीत जाऊन ओकले मी.

कारण तोवर तो धर्मआईच्याच घरात राहायला आला होता ना. पुढची खोली त्याची. ती स्वयंपाकघरात बाकावर निजते, म्हणते चुलीची ऊब गुडघ्यांना बरी. चुलीवरच्या दोरीला ती पूर्वी सॉसेज टांगायची, तिथं आता याचे ओले मोजे, खाली भाजीत ठिबकतात. नखं ओट्यावर बसून कापतो आणि तिथेच सोडतो. ती झाडते. वर मलाच म्हणते, "एकटा जीव आहे गं, बोलू नये." आणि या रविवारी चर्चमध्ये मिस्सा चालू असताना कोसळली. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न नाही. जिच्या घरून अख्खी गल्ली ढेकर देत बाहेर पडायची, ती बाई उपाशी.

व्हिडिओचं सांगायचं होतं तिला, मग का नाही सांगितलं, म्हणतेस? आले होते की. याच फाटकाशी आले होते. आत ती गात होती. नवरा गेल्यापासून गायली नव्हती ती, आणि याला गाणं म्हणून दाखवत होती. मला कधी नाही दाखवलं. शहरातली नोकरी सोडून मी तिच्यासाठी परत आले, तेव्हा "आलीस का" म्हणाली आणि शेंगा निवडत बसली. आणि त्याला — जाऊ दे. हे कशाला सांगतेय मी तुला.

आज मात्र ठरवून आलेय. ताट तिच्यापुढे ठेवायचं, तिनं माझ्या डोळ्यांदेखत जेवायचं, आणि ती जेवत असताना मी सगळं सांगणार, व्हिडिओसकट. रोज आणते मी ताट. कुठं जातं ते काय मला कळत नाही? धुऊन परत येतं, रिकामं. त्याच्याकडून नव्हे गं. तिच्याकडून. आता तीसुद्धा रिकामं पाठवते.

… धर्मआई, मी आहे, जुसेलिया … झोपली असेल. की पडली असेल पुन्हा? आत जाऊ का तशीच? नाही, उत्तर आल्याशिवाय कसं जायचं. याच्यासारखं? तू हाक मारून बघतेस, तुझा आवाज मोठा असेल — अगं. अगं, सगळं? उकडसुद्धा? थोडं घे म्हटलं होतं मी. आणि हा फाटकाशेजारचा नळ कशाला सोडलास? धुवू नकोस. ते ताट धुवू नकोस, दे इकडे, दे म्हणते ना —

थांब. गप्प. चपला वाजतायत आत. तिचीच चाल आहे.

"कोण, जुसेलिया का? ये गं आत, फाटक नुसतं लोटलंय. आज काय आणलंयस?"