एकच मिनिट, ताई!

नाही, नाही, कॅमेऱ्याला मी बोल लावतच नाही! कॅमेरा बिचारा गरीब गाय... घात केला तो त्या बांगडीएवढ्या रिंगनं! तुम्हाला सांगतो, माझ्या लेन्सच्या तोंडावर बसवायला मी दोन जादा भिंगं आणली, एक लांबचं जवळ दिसायला, एक सगळं रुंद मावायला. आता त्यांचं तोंड मोठं, लेन्सचं लहान, म्हणून मध्ये आट्यांची रिंग. दुकानदार म्हणतो कसा, "साहेब, यात काय आहे? नुसतं फिरवायचं!"

झालं! मी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. माझी ताई नर्स. उभी हयात हॉस्पिटलात काढली, नुकतीच रिटायर झाली. तिची इच्छा एकच हो, मोठ्या डॉक्टरांसकट सगळ्या वॉर्डाचा एक फोटो. बिचारीनं फोटोग्राफर ठरवलासुद्धा होता. मीच, मीच शहाणा, म्हटलं, "घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?" आणि त्याला नको म्हणून कळवून मोकळा! वर हॉलमध्ये शिरल्या शिरल्या हुकूम, "फोन आत ठेवा सगळ्यांनी! फोनचा फोटो काय फोटो असतो?" ठेवले हो सगळ्यांनी. शिस्तीची माणसं ती.

भाषणं चालली होती तेव्हा मागच्या रांगेतून ताईचा चेहरा टिपावा म्हणून लांबचं भिंग लावलं. घाईत रिंगच्या आट्यांत जरा तिरकं गेलं. म्हटलं, थोडा जोर लावू, नुसतं फिरवायचं तर आहे! लावला जोर. बसलं... असं बसलं म्हणता! मग फोटोची वेळ आली. मधोमध ताई, शेजारी डॉक्टर, बाजूला, मागे खुर्च्यांवर अख्खा वॉर्ड, आणि मी कॅमेऱ्यातून बघतो तर काय... डॉक्टरांचं नाक! मागे सरकलो, पार भिंतीला टेकलो, तेव्हा कुठे नाकाखाली मिशा आल्या.

आता हे काढायचं आणि रुंदवालं लावायचं. नुसतं फिरवायचं! फिरवतोय... फिरवतोय... हलेल तर शपथ! डॉक्टर विचारतात, "झालं का हो?" मी म्हणतो, "एकच मिनिट!" वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "मी पटकन फोनवर घेऊ का?" आणि या गाढवानं काय उत्तर दिलं असेल? "मावशी, एकच मिनिट!"

मग काय विचारता! एक नर्स रबरी हातमोजे घेऊन आली, दुसरी साबण. "उलटं फिरवा!" "अहो, उलटंच फिरवतोय!" "घाबरू नका, दीर्घ श्वास घ्या!" कोणी, मी की कॅमेऱ्यानं? तेवढ्यात डॉक्टरांना तातडीचं बोलावणं आलं, ते पळाले. मग ड्यूटी बदलली. "येते हं सिस्टर", "जपा हं तब्येतीला", करत करत एकेक जण निघाला. आणि मी मान खाली घालून फिरवतोय!

शेवटी ताई उठली. हातमोजे चढवले, "छोट्या, बाजूला हो," म्हणाली. पन्नाशीच्या माणसाला हो! झालो बाजूला! तिनं भिंग धरलं, एक हिसका... कट्! सुटलं.

मान वर करून बघितलं तर हॉलमध्ये आम्ही दोघंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं! ती आपल्या जागेवर जाऊन बसली. पदर नीट केला. म्हणाली, "काढ आता."

काढला. रुंदवालं भिंग लावून काढला.

तिनं तो फ्रेम करून भिंतीवर लावलाय! अहो, चार शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो. पण नाही, येईल त्याला शांतपणे सांगते, "माझ्या निरोपाचा फोटो. भावानं काढलाय." लोक फोटोकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मी चहाच्या कपात बघतो. काय करणार? भिंगाला तरी कसा दोष देऊ... पार कोपऱ्यापर्यंत, एकूण एक खुर्ची आलीय हो!