नवा तट्टा आणि काकूची कोंबडी

कोंबडीचा विषय निघाला की मला आमच्या एकोडीच्या घराची मागची भिंत आठवते. मातीची भिंत पावसाच्या झडीनं ओघळू नये म्हणून तिला बाहेरून बांबूचा तट्टा बांधत. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास बाबांनी कुजका तट्टा काढून नवा बांधला. हातभार लावायला आलेल्यांना कोंबडीचं जेवण द्यावंच लागायचं, तेही दिलं. आणि नेमकी त्याच दिवशी शेजारच्या गिरजाकाकूची कोंबडी गायब!

काकू अंगणातच उभी राहिली. "भाऊजी, माही कोंबडी काहून कापली?"

"वयनी, म्या बाजारातून आणली होती जी!"

बाबा सांगून सांगून थकले. काकूनं बोलणंच टाकलं.

पुढे एका दुपारी भिंतीतून चिवचिव ऐकू आली. बाबांनी धावत जाऊन तट्ट्याची दोरी सोडली. भिंत आणि तट्ट्याच्या मधल्या जागेत काकूची कोंबडी, सोबत पिल्लं! खालच्या फटीतून ये-जा करत कोंबडीबाईनं तिथंच अंडी उबवली होती.

काकू हसतच सुटली. "माफ करजा, भाऊजी!"

आई हळूच बाबांना म्हणाली, "बरं झालं बापा! मलेबी तुमच्यावरच शक होता जी."